पद्मिनी घेण्याआधी पत्रा बघ: मित्रास पत्र

सांगली

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तू घ्यायला निघालायस त्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचे फोटो पाहिले. रंग छान बसलाय, बंपर आणि ग्रिल जागच्या जागी आहेत, आणि मालक ‘पत्रा एकदम ओके’ म्हणतोय. तरी टोकन देऊ नको. आधी गाडी खालून बघ, आणि बघताना काय शोधायचं ते या पत्रात सांगतो.

इंजिन उतरवून बांधता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो. पत्र्याचं तसं नाही. पद्मिनी म्हणजे मुळात फियाट ११००च, आणि तिच्या या बॉडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा स्वतंत्र सांगाडा, नाही. १९५३ साली इटलीत ही गाडी आली तेव्हापासून ती मोनोकॉक आहे, म्हणजे तळ, दाराखालच्या पेट्या, खांब आणि छत मिळून सगळा भार पेलतात. त्यामुळे गंजाचं भोक किती मोठं आहे यापेक्षा ते कुठल्या पत्र्याला आहे हे महत्त्वाचं. डिकीच्या झाकणाला मूठभर भोक असलं तरी चालेल, ते झाकण उद्या बदलता येईल. पण मागच्या पाट्यांचा (चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगांचा) हँगर, म्हणजे त्या टांगणारा कोयंडा, जिथे बॉडीला धरलाय तिथे रुपयाएवढं भोक असेल, तर ती गाडी आहे त्या स्थितीत रस्त्यावर आणण्यासारखी नाही.

गाडी कुठे उभी असायची, हे मालकाला सगळ्यात आधी विचार. महाबळेश्वर-पाचगणीकडची गाडी वरून सडते. एकट्या महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, काचेची रबरं कडक झालेली असतात, पाणी डॅशबोर्डमागून उतरतं आणि पायाखालच्या कार्पेटात मुरतं. आमच्या सांगलीची गाडी खालून सडते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं होतं. त्या पाण्यात उभी राहिलेली गाडी बाहेरून धुतली जाते, सीटं बदलली जातात, पण दाराखालच्या बंद पेटीत गेलेला गाळ कुणी काढत नाही. तो गाळ ओल धरून ठेवतो आणि पत्रा आतून खातो. बाहेरचा रंग फुगेपर्यंत आतला पत्रा बराचसा गेलेला असतो. म्हणून पेटीच्या तळाशी पाणी जायला जी भोकं असतात, त्यात तार घालून फिरव. काळी बारीक माती गळली, तर गाडी पुरातली समज. भोकंच सापडली नाहीत, तर ती कुणीतरी वेल्डिंगने किंवा डांबराने बुजवलेली आहेत, आणि ते गाळापेक्षा वाईट.

जाताना फ्रिजवर लावतात तसला चपटा मॅग्नेट, टॉर्च, बोथट स्क्रू ड्रायव्हर आणि मोबाईलला जोडायचा केबल-कॅमेरा घेऊन जा. जोरदार मॅग्नेट नको. पत्र्यावर लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, दोन-तीन मिलिमीटर जाड असली तरी तो वरून चिकटतो आणि आपली फसगत होते. चपटा मॅग्नेट पातळ कापडात गुंडाळून दारांचा खालचा वीतभर भाग, चाकांवरच्या कमानी, हेडलाइटभोवतीचा पत्रा आणि मागच्या काचेचे खालचे कोपरे यांवर फिरव. पकड सुटली की तिथे लांबी आहे. लांबी असणं हा गुन्हा नाही, पन्नास वर्षांच्या गाडीला ठोकर लागलेली असणारच. पण लांबी सपाट भागावर न येता कडेला, शिवणीवर किंवा चाकाच्या कमानीच्या ओठावर आली, तर तिच्याखाली बहुतेक भोकच आहे.

आता खाली जायचं. जॅकवर गाडी उचलून घोड्या (टेकू द्यायचे लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय खाली डोकंसुद्धा घालू नको. उचलतानाच एक परीक्षा होते. चारही दारांच्या फटी आधी पाहून ठेव, मग दाराखालच्या जॅकिंगच्या जागी जॅक लावून हळूहळू वर घे. पत्रा करकरला किंवा दबला तर तिथेच थांब. वर घेतल्यावर दार उघडून पुन्हा लाव. आधी लागत होतं आणि आता घासतंय, कुलपाची जीभ वर-खाली होतेय, तर पेट्यांमध्ये जोर उरलेला नाही.

मग वेल्डिंग वाच. जुनं वेल्डिंग म्हणजे वाईट, असं मी कधीच म्हणणार नाही. जुन्या डेंटरांनी (पत्र्याचं काम करणाऱ्यांनी) गॅसने जोडलेला पत्रा पुढची कित्येक वर्षं नीट चालतो, कारण ते सडका भाग कापून कडेला कड लावून जोडायचे. तसा जोड ओळखायचा असेल तर मागची बाजू बघ. आरपार वितळलेली, सलग, किंचित उंच रेघ दिसली तर काम खरं आहे. मागून काहीच दिसत नसेल आणि पुढे ग्राइंडर मारून गुळगुळीत केलेलं असेल, तर धातू नुसता वर बसलाय. मूळ पत्रा ०.९ मिलिमीटरच्या आसपास असतो. त्यावर जास्त ग्राइंडर चालला की वेल्डिंगच्या अगदी कडेने तो कागदासारखा होतो आणि पुढे तिथूनच चिरतो.

सगळ्यात जास्त दिसणारी भानगड म्हणजे सडक्या पत्र्यावर नवा पत्रा ठेवून चारही बाजूंनी केलेलं वेल्डिंग. वरून मजबूत वाटतं. पण दोन पत्र्यांच्या मध्ये ओल कोंडते, तिथे रंग पोचत नाही, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने मागचा उरलासुरला रंगही जळालेला असतो. गंजाला लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो पत्रे एकमेकांपासून उचकटतो आणि चिरोट्यासारखे पापुद्रे सुटतात. पॅचच्या कडेला तपकिरी ओघळ दिसला किंवा स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने टकटक केल्यावर खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला, की आत हेच चाललंय. पेटीत कॅमेरा घालून आतला पत्रा मुद्दाम बघ. बाहेरचा नवा आणि आतला गेलेला, असं फार वेळा सापडतं.

पिवळसर, सोनेरी जोड दिसला तर ते पितळी काम आहे. त्यावर सीओटू वेल्डिंग (गॅसच्या आडोशात तारेने करायचं हल्लीचं वेल्डिंग) धरत नाही. सच्छिद्र होतं आणि तडकतं. ती पट्टी पूर्ण कापूनच पुढे जावं लागतं. आर्कच्या रॉडने जोडलेला भागही लगेच कळतो: जाड गाठी, मध्ये जळून पडलेली भोकं, आजूबाजूला उडालेले थेंब. तळाला ताजं काळं डांबर मारलेलं असेल तर स्क्रू ड्रायव्हरने थोडं खरवडायची परवानगी माग. मालक नाही म्हणाला, तर तेच तुझं उत्तर.

गंजाचा हिशेब असा. वरवरचा तांबूस गंज वायर-ब्रशने निघतो, एपॉक्सी प्रायमर मारला की विषय संपला. खड्डे पडले असतील आणि पत्रा अंगठ्याखाली दबत नसेल, तर दुय्यम भागावर रस्ट कन्व्हर्टर (गंज थोपवणारं रसायन) चालेल. भार पेलणाऱ्या भागावर माझं मत कापून टाकायचं. भोक पडलंय तिथे भोकाएवढंच कापून उपयोग नाही, चांगला चकचकीत पत्रा लागेपर्यंत आणि त्याच्या पुढे २० ते २५ मिलिमीटर जायला हवं.

गाडी घेतलीस तर कुपवाड एमआयडीसीकडे सीओटू मशीनवर पातळ पत्र्याचं काम करणारा बघू. त्याला या गोष्टी आधीच सांगाव्या लागतील. बॅटरी सोडायची, पेट्रोलची टाकी उतरवायची. एका वेळी एकाच बाजूची पेटी कापायची, आणि त्याआधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप वेल्ड करून घ्यायचा, नाहीतर बॉडी मधोमध बसते आणि दारं पुन्हा कधी लागत नाहीत. जाडी मूळच्या एवढीच, २० गेजचा सीआरसीए (थंड लाटून मऊ केलेला) पत्रा. साधारण २५ मिलिमीटरवर टॅक, म्हणजे वेल्डिंगचे छोटे ठिपके, मारत, एकदा इथे एकदा तिथे असं फिरत भरायचं. सलग ओढलं की पत्रा लाटा मारतो. रंग झाल्यावर पेटीत आतून कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत गंज रोखणारं मेण) फवारायचा आणि पाण्याची भोकं मोकळी ठेवायची.

चासी नंबर जिथे ठोकलाय त्याच्या आसपास ग्राइंडर किंवा वेल्डिंगची खूण असेल, तर बाकी कितीही चांगलं असलं तरी सौदा मोड. आरटीओत त्याचं उत्तर देता येणार नाही.

मला चार फोटो हवेत: दोन्ही पाट्यांचे पुढचे आणि मागचे हँगर, टॉर्च तिरका धरून. तळाचे फोटो मॅट आणि खालचा फेल्ट काढूनच घे. ते आले की किती घासाघीस करायची ते फोनवर बोलू.

तुझा मित्र