'साँग्ज फ्रॉम द वुड' ऐकायला शिकवणाऱ्या सरांस जाहीर आभारपत्र

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

जेथ्रो टल या ब्रिटिश वाद्यवृंदाचा 'साँग्ज फ्रॉम द वुड' हा १९७७ सालचा आल्बम तुम्ही मला नुसता ऐकवला नाहीत, तर त्यात कुठे काय ऐकायचे हेही शेजारी बसून दाखवलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. गोव्यातल्या फोंड्याकडच्या आरती मंडळात घुमट हे मातीचे तालवाद्य वाजवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला इलेक्ट्रिक गिटारची फारशी सवय नव्हती. हे ओळखून तुम्ही सुरुवात गिटारपासून न करता गळ्यापासून केलीत.

शीर्षकगीताच्या आरंभी वाद्य नाही. वेगवेगळ्या उंचीच्या स्वरांतले आवाज एकमेकांवर रचत गाणे उभे राहते. चर्चमधल्या क्वायरमुळे गोव्यातल्या कानाला ही रचना परकी नाही, त्यामुळे मी निर्धास्त झालो आणि मग ज्या क्षणी बासरी, मँडोलिन, ऑर्गन व ड्रम्स आत शिरले, त्या क्षणापर्यंत मी त्या गाण्याचा होऊन गेलो होतो. लोकसंगीताला रॉकची फोडणी दिलेली गाणी पुष्कळ आहेत. इथे मात्र गुंतागुंत चालीच्या आतूनच वाढत जाते, आणि माझ्या मते या आल्बमची खरी ओढ तीच आहे.

'रिंग आउट, सॉल्स्टिस बेल्स' लावून तुम्ही मला मांडीवर मात्रा मोजायला लावल्यात. सात भरल्या! हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाचे हे गाणे, त्यातल्या मुलीही सातांच्याच लयीत नाचतात, आणि तरीही ऐकणाऱ्याला हिशेब जाणवत नाही, टाळी आपोआप पडते. भजनामुळे सात मात्रांचा रूपक ताल हाताला ठाऊक होता, पण 'इथे ठेका नाही, खाली (टाळीविना जाणारी मात्रा) शोधू नकोस,' असे तुम्ही वेळीच बजावलेत, ते फार बरे झाले. चतुर्थीच्या आरतीत घुमट, शामेळ आणि कांसाळे यांची लय चढत जाते, तेव्हा आमच्यापैकीही कोणी मोजत नसतो.

'जॅक-इन-द-ग्रीन'मधली सगळी वाद्ये वाद्यवृंदाचे गायक व बासरीवादक इयन अँडरसन यांनी एकट्याने वाजवली आहेत, हे तुम्ही गाणे संपल्यावर सांगितलेत. हिरवळ राखणारा तो छोटा वनदेव आणि फरसबंदीतून डोके वर काढणारे गवत यांचे ते अवघ्या अडीच मिनिटांचे गाणे मला सर्वाधिक आवडते. आमच्याकडे राखणदाराला, म्हणजे गावाच्या रक्षक देवाला, मान देणाऱ्या माणसाला त्यासाठी वेगळे स्पष्टीकरण लागत नाही. ('हंटिंग गर्ल'च्या शब्दांचे स्पष्टीकरण मात्र तुम्ही गालातल्या गालात हसून टाळलेत, तेही योग्यच.)

'पिब्रोख' थोडे लांबले आहे, असे माझे मत अजूनही आहे. पण स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या बॅगपाइपवर एक मूळ धून घेऊन तिचे अधिकाधिक बारीक विस्तार करण्याची 'पिब्रोख' नावाचीच जुनी परंपरा तुम्ही समजावलीत, तेव्हा मार्टिन बार यांची गिटार सुरुवातीला तशी का घुमते हे उलगडले. आशेने प्रेयसीच्या घरी आलेला पुरुष दारातले परके बूट पाहतो, टोपी डोक्यावर ठेवतो आणि निघून जातो. एवढ्याशा प्रसंगासाठी इतके मोठे संगीत वापरण्याचे धाडस आवडले.

इंग्लंडमध्ये पंक रॉक या आक्रमक, साध्या बांधणीच्या संगीताचा जोर वाढत असताना, शहर सोडून खेड्यात राहायला गेलेल्या अँडरसन यांनी शेत, रान आणि जुन्या सणांची गाणी बांधली, आणि वाद्यवृंदाला नाव मिळाले होते तेही पेरणीचे यंत्र काढणाऱ्या अठराव्या शतकातल्या शेतीतज्ज्ञाचे, हा योग तुम्ही सांगितला नसता तर माझ्या लक्षात आला नसता.

मंडळातली तरुण मुले घुमटासोबत कीबोर्ड वापरावा की नाही, यावर वाद घालत असतात. त्यांना हा आल्बम ऐकवण्याची परवानगी द्यावी, आणि शक्य झाल्यास त्या दिवशी तुम्ही स्वतः यावे, ही विनंती. रेकॉर्ड मी जपून परत करीन. त्याच वेळी याच वाद्यवृंदाचा १९७८ सालचा 'हेवी हॉर्सेस' काढून ठेवलात तर उपकार होतील.

आपला कृतज्ञ,
आरती मंडळातला घुमटवादक