पेन ड्राइव्ह ‘फॉरमॅट करा’ म्हणाला, तरी थांबा

महोदय,

परीक्षा आणि प्रवेशांच्या दिवसांत झेरॉक्सच्या दुकानांत हे हमखास घडते. पेन ड्राइव्ह लावला, प्रोजेक्टची फाइल दिसत नाही, आणि काउंटरमागचा मुलगा म्हणतो, ‘करप्ट झालाय, फॉरमॅट मारून देतो.’ त्याआधी ड्राइव्हवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज उघडायला अर्धे मिनिट लागते. १६ जीबीच्या ड्राइव्हमध्ये ११ जीबी भरलेले दिसतात, पण उघडल्यावर दोन-तीन केबीचा एक शॉर्टकट तेवढा दिसतो, तेव्हा तो बहुधा शॉर्टकट व्हायरसचा उद्योग असतो. फाइली आतच असतात, फक्त लपवलेल्या. त्या शॉर्टकटवर डबल-क्लिक केले की व्हायरस संगणकातही शिरतो, तेव्हा तो मोह टाळावा. एक्स्प्लोररच्या फोल्डर ऑप्शन्समध्ये हिडन फाइल्स दाखवण्याचा पर्याय निवडावा आणि ‘प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ लपवण्यासमोरची टिक काढावी. बरेचदा एक बिननावाचे फोल्डर समोर येते. सगळा ऐवज त्यातच असतो. आपली कागदपत्रे आणि फोटो तेवढे दुसरीकडे कॉपी करून घ्यावेत, मग फॉरमॅट खुशाल मारावे.

चुकून डिलीट झालेल्या फाइलची गोष्ट वेगळी. पेन ड्राइव्हवरची फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, पण लगेच पुसलीही जात नाही. फॅट-३२ (पेन ड्राइव्हवर फाइली मांडण्याची एक पद्धत) ड्राइव्हवर फाइलींच्या यादीतल्या नोंदीच्या पहिल्या बाइटवर ‘ई५’ ही खूण पडते आणि ती जागा मोकळी समजली जाते. मजकूर तिथेच पडून राहतो, त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत. म्हणून ड्राइव्ह तत्काळ काढून ठेवावा. रिकव्हरीचे सॉफ्टवेअर त्याच ड्राइव्हवर उतरवणे किंवा सापडलेल्या फाइली त्यावरच सेव्ह करणे म्हणजे एक वाचवताना दुसरी आपल्याच हाताने पुसणे. फाइल सी ड्राइव्हवरची असेल तर संगणकच बंद करावा, कारण ब्राउझर नुसता उघडला तरी डिस्कवर लिहिणे सुरू होते. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडावी.

सॉफ्टवेअर विकत घेण्याची घाई नको. मायक्रोसॉफ्टचे २०२० साली आलेले ‘विंडोज फाइल रिकव्हरी’ मोफत आहे, फक्त ते कमांड टाइप करून चालवावे लागते. ‘फोटोरेक’ही मोफत. ते यादीकडे पाहतच नाही, फाइलच्या सुरुवातीची खूण हुडकते; जेपेग फोटो असेल तर ‘एफएफ डी८ एफएफ’. त्यामुळे क्विक फॉरमॅटनंतरही (त्यात फक्त यादी कोरी होते) ते उपयोगी पडते. मात्र मूळ नावे गेलेली असतात: लग्नाचे फोटो आणि कुठल्या तरी वेबसाइटचे लोगो आकडी नावांनी एकाच फोल्डरात येऊन पडतात. फाइल तुकड्यांत साठवलेली असेल तर फोटोत वर चेहरे नीट आणि खाली राखाडी पट्टा, असेही होते. फुल फॉरमॅट केले असेल तर आशा सोडावी. व्हिस्टा या आवृत्तीपासून विंडोज त्यात सगळीकडे शून्ये लिहिते.

हार्ड डिस्क अडखळत असेल, कॉपी मध्येच थांबत असेल, तर चेकडिस्क (डिस्कवरच्या चुका शोधून दुरुस्त करणारा विंडोजचा प्रोग्रॅम) चालवू नये. मरणासन्न डिस्कला ती मेहनत झेपत नाही, शिवाय चेकडिस्क त्या डिस्कवरच फेरफार करते. आधी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या ‘डीडीरेस्क्यू’ने पूर्ण डिस्कची प्रत काढावी. हा प्रोग्रॅम आधी धडधाकट भाग उचलतो, खराब जागांकडे नंतर वळतो, आणि मॅप फाइल (काम कुठवर झाले याची नोंद) ठेवल्यास वीज गेली तरी पुढून सुरू करता येतो. ५०० जीबीच्या डिस्कसाठी तेवढीच आणि वर थोडी मोकळी जागा दुसरीकडे हवी. पुढचा शोध त्या प्रतीवर. डिस्कमधून टिकटिक आवाज येत असेल तर मात्र हेही करू नये; प्लग काढावा. बिघडलेले हेड (डेटा वाचणारा भाग) आतल्या तबकडीवर घासले तर तिथला डेटा कायमचा जातो. अशी डिस्क क्लीन रूम (धूळमुक्त खोली) असलेल्या प्रयोगशाळेतच उघडायची असते, दुकानातल्या पंख्याखाली नव्हे. फ्रिजमध्ये ठेवण्याचा जुना तोडगा तर आत दव धरवतो.

एसएसडीला (तबकडीऐवजी चिपवर डेटा साठवणाऱ्या ड्राइव्हला) यातले बरेचसे लागू नाही. विंडोज ७ पासून ‘ट्रिम’ची सोय आहे: फाइल डिलीट झाली की तिची जागा आता नको, असे विंडोज ड्राइव्हला कळवते आणि ड्राइव्ह ती सवडीने रिकामी करते. त्यानंतर तिथे बहुधा शून्येच मिळतात. त्यामुळे एसएसडीवरून डिलीट केलेल्या फाइलींसाठी कोणी आगाऊ रक्कम मागितली, तर ट्रिम चालू होते की बंद, हे त्याला आधी विचारावे.

– एक संगणक तंत्रज्ञ, सांगली