पाण्याच्या बाटलीत ॲसिड

संपादक महोदय,

संडास-मोरी धुण्याचं सुटं ॲसिड वडोदऱ्याच्या गल्लीबोळांत अजूनही पाण्याच्या वापरलेल्या बाटल्यांतून विकलं जातं. हे हायड्रोक्लोरिक ॲसिड. बाटलीवर ना नाव, ना तीव्रता, ना धोक्याचं चिन्ह. मूल पाणी समजून ती तोंडाला लावतं, घरचे मिठाचं पाणी पाजून उलटी करवतात, आणि भाजलेली अन्ननलिका पुन्हा भाजते. चूळ भरायला लावून थेट दवाखाना गाठावा. याच मोरीत ब्लीचिंग पावडर पडली तर क्लोरीन वायू सुटतो; दारं-खिडक्या उघडून आधी बाहेर पडायचं, हे विकणाऱ्यालाच ठाऊक नसतं, तो गिऱ्हाइकाला काय सांगणार?

सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २०१३ चा आहे : ओळखपत्र बघायचं, पत्ता व कारण वहीत नोंदवायचं, १८ वर्षांखालील कुणाला द्यायचं नाही, मोडल्यास प्रांत अधिकारी ५०,००० रुपयांपर्यंत दंड करू शकतात. दुकानातली वही तपासणं सोपं. ऑनलाइन विक्रीत ‘ड्रेन क्लीनर’ नावाखाली काय येतं, ते कोण बघतं? तपासनिसांनी एक बाटली स्वतः मागवावी आणि दारात ओळखपत्र कुणी मागतं का, ते पाहावं.

– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा