बाबांच्या वहीतला लाल ठिपका

स्टुटगार्ट,
रविवार, 9 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणालात, "एका कॉम्प्युटरातलं दुसऱ्यात टाकायचं, त्याला वर्ष लागतं होय गं?" मी समजवायला गेले आणि पाचव्या मिनिटाला तुमचं "बरं बरं" सुरू झालं. त्या "बरं बरं"चा अर्थ मला लहानपणापासून ठाऊक आहे. म्हणून आज कागद घेऊन बसले. रविवारी इथे दुकानं बंद असतात, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि आई, तू पाठवलेलं भडंग डब्याच्या तळाला अजून मूठभर आहे.

आमच्या कंपनीची गिऱ्हाइकं, माल, येणी-देणी असं सगळं एका जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. नव्वदच्या दशकात इथल्याच दोघा-तिघांनी ते लिहिलं. आता ते बंद करून जानेवारीत विकतच्या, मोठ्या सॉफ्टवेअरवर जायचंय, आणि जुन्यातलं नव्यात न्यायचं काम आम्हा सहा जणांच्या गळ्यात पडलंय. गिऱ्हाइकांच्या नोंदी 4 लाख 20 हजार, न भागलेली बिलं 1 लाख 80 हजार. रंगीत तालमीत वेग मिळाला तो असा: गिऱ्हाइकं तासाला 9 हजार, बिलं तासाला 6 हजार. बाबा, तुमचा तोंडी हिशोब एव्हाना झालाही असेल. 47 आणि 30, मिळून 77 तास. आणि खरं स्थलांतर करायला मिळणार शुक्रवार 2 जानेवारीच्या संध्याकाळी सहापासून सोमवारी सकाळी सहापर्यंत. म्हणजे 60.

इतकं हळू का, हे मला रोज सकाळी नऊच्या मीटिंगमध्ये विचारतात. तिथे प्रत्येक कामापुढे लाल, पिवळा नाहीतर हिरवा दिवा लावतात. आमचा सप्टेंबरपासून लाल आहे.

नवं सॉफ्टवेअर पोतं, म्हणजे एकेक नोंद, उचलून थेट वखारीत टाकू देत नाही. दारात तोलाईदार बसवलाय म्हणा. तो प्रत्येक पोतं सोडून बघतो. पिनकोड खरा आहे का, कराचा नंबर जुळतो का, हाच माणूस दुसऱ्या नावानं आधी आत गेलाय का. मागच्या दारानं भरता येतं, पण उद्या हिशोब जुळला नाही तर धरायचं कुणाला, म्हणून त्याला सक्त मनाई. साहेब म्हणाले, हमाल वाढवा, म्हणजे नोंदी भरणारे प्रोग्राम एकाच वेळी जास्त चालवा. एकाचे चार केले, तेव्हा कुठे तो 9 हजारांचा वेग आला. आठ केले तर उलट कमी झाला. एकाच गिऱ्हाइकाची बिलं दोघांच्या हातात आली की एक जण ते खातं धरून ठेवतो आणि दुसरा दारात ताटकळतो.

त्यात शून्याची गंमत. इथल्या पूर्वेकडच्या गावांचे पिनकोड शून्यानं सुरू होतात, लाइपझिगचा 04109. मधे कुणीतरी यादी एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली. एक्सेलला पुढचं शून्य फुकटचं वाटलं, त्यानं खाऊन टाकलं. उरलं 4109, आणि चार आकडी पिनकोड बघून तोलाईदारानं एका रात्रीत 31 हजार पोती परत पाठवली. रात्री दोन वाजता स्क्रीनवर लाल ओळी धावत होत्या आणि मला आपलं सांगलीचं 416416 आठवत होतं. त्याचं काय खाणार एक्सेल!

पण ह्या सगळ्या मशीनच्या कटकटी. त्या सुटतात. माझं डोकं फिरलं ते वेगळ्याच गोष्टीनं.

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये गिऱ्हाइकाच्या नोंदीत एक रकाना आहे, त्याला नाव नाही. 11 हजार नोंदींत तिथे "एक्स 7" लिहिलंय. म्हणजे काय, ऑफिसात कुणालाच माहीत नाही. विक्रीवाले म्हणाले हिशोबवाल्यांना विचारा, हिशोबवाले म्हणाले गोदामाला विचारा. तीन मीटिंगा झाल्या. शेवटी साहेब म्हणाले, रकाना वगळा, दिवा पिवळा करा. मी अडून बसले. हरिपूरला पेव, म्हणजे हळद साठवायचा जमिनीतला खड्डा, उघडलं की लगेच आत उतरत नसत, कोंडलेली हवा जाऊ द्यायचे, कंदील सोडून बघायचे, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. 2005 च्या पुरानं ती पेवं बुडवली, पण ते कंदील सोडणं माझ्या डोक्यात राहिलं. साहेबांना पेव कसं समजावणार? मी एवढंच म्हटलं, मला दोन दिवस द्या.

गोदामातून निवृत्त झालेल्या एका बाईंचा नंबर मिळाला. माझं मोडकंतोडकं जर्मन ऐकून आधी बिचकल्या, मग "एक्स 7" म्हटल्याबरोबर खो खो हसल्या. म्हणाल्या, अगं, तिथे पुढची बेल वाजवायची नाही, मागच्या फाटकातून माल द्यायचा. कुठे पुढच्या बाजूला दवाखाना आहे, कुठे पाळणाघर, कुठे रस्ताच अरुंद. जुन्या ड्रायव्हरांना पाठ होतं, ते निवृत्त झाले. नव्यांना हा कागदावर छापून येणारा "एक्स 7"च सांगत होता, तो आम्ही पुसायला निघालो होतो.

फोन ठेवला आणि मला तुमचा लाल ठिपका आठवला, बाबा. पाडव्याच्या आधीचे पंधरा दिवस तुम्ही अडतीतून रात्री दहाला घरी यायचात, हाताला हळदीचा वास आणि बोटांना शाई. नवी वही, नवी खतावणी, एकेका शेतकऱ्याची मागील बाकी पुढे ओढायची. आणि काही नावांपुढे लाल ठिपका. मी विचारलं तर म्हणालात, "ह्याला यंदा मागायचं नाही." का, ते फक्त तुमच्या डोक्यात. पुढे शेठजींनी कॉम्प्युटर आणला, एका पोरानं आठ दिवसांत सगळी खाती चढवली. पैसा न् पैसा जुळला, पण ठिपका कुठल्याच रकान्यात बसला नाही. मग कसबे डिग्रजच्या त्या काकांना वसुलीची नोटीस गेली, ऐन त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या आठवड्यात. तुम्ही सायकल काढून माफी मागायला गेलात आणि रात्री न जेवता झोपलात. आई तेव्हा त्या कॉम्प्युटरला काय काय बोलली होती!

"एक्स 7" आता नव्यात "मागचे फाटक" अशा सरळ शब्दांत जातोय. त्यात चार दिवस गेले. दिवा लालच.

आणखी एक गोष्ट तुमच्याकडून उचलली. तुम्ही सगळी खाती पुढे ओढत नव्हतात. मेलेली खाती जुन्या वहीतच राहायची, वही कपाटात. मी यादी काढली. 4 लाख 20 हजारांपैकी 2 लाख 60 हजारांनी दहा वर्षांत एक खिळासुद्धा घेतलेला नाही, की त्यांच्याकडे येणं नाही. इथल्या कायद्यानं हिशोबाची पुस्तकं 10 वर्षं जपावी लागतात, त्यापलीकडचं कशाला वाहायचं? ही इथेच ठेवली तर उरतात 1 लाख 60 हजार. 18 तास. बिलांचे 30 धरून 48. बसतं की नाही 60 मध्ये? पण विक्रीचे मुख्य सही करत नाहीत. "उद्या परत आला तर?" हे एकच वाक्य, तीन आठवडे. वर मीटिंगमध्ये तेच विचारतात, लोडिंग इतकं हळू का! मी मराठीत उत्तर देते, मनातल्या मनात.

असो. सातबाऱ्यावर आजीचं नाव चुकीचं चढलंय, त्याचा कलम 155 चा चूकदुरुस्तीचा अर्ज दादानं तहसीलला दिला का? जुन्या हातानं लिहिलेल्या सातबाऱ्यावर बरोबर होतं, त्याची नक्कल जोडायला सांगा, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नको म्हणावं.

इथली घड्याळं गेल्या महिन्यात एक तास मागे गेली. आता तुमच्या-आमच्यात साडेचार तासांचा फरक. तेव्हा आई, माझ्या फोनची वाट बघत जागू नकोस. यंदा तुमच्या संक्रांतीपर्यंत माझे रविवार असेच जाणार. तिळगूळ पाठव, पण भडंगही पाठव.

आणि बाबा, एक विचारायचं राहूनच गेलं होतं. त्या नोटिशीनंतर तुम्ही ते ठिपके कुठे ठेवायला लागलात? कॉम्प्युटरमध्ये जागा करून घेतलीत, की खिशातल्या छोट्या डायरीत? पत्रातच लिहा. फोनवर तुम्ही "बरं बरं" म्हणाल.

तुमची,
सुमी