भिंतीवरच्या टॅबलेटची पाठ आधी पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

स्मार्ट घरांविषयीच्या लिखाणात भिंतीवरच्या टचस्क्रीनचा विषय निघाला की बोलणे इंच, रिझोल्यूशन आणि चौकटीचा रंग यांवरच संपते. होम ऑटोमेशनची जोडणी आणि दुरुस्ती करणाऱ्या आम्हा मंडळींना हे उलटे वाटते. भिंतीवरचा पडदा समोरच्या बाजूने क्वचितच बिघडतो. वीजपुरवठा, उष्णता, बॅटरी, जुने पडलेले सॉफ्टवेअर ही सारी दुखणी मागच्या बाजूची. म्हणून टॅबलेट निवडताना त्याची पाठ आधी पाहावी, हे सांगण्यासाठी हे पत्र.

त्याआधी एक खुलासा. टॅबलेट दिव्याच्या बटणाची जागा घेऊ शकत नाही, घेऊही नये. अंधारात हात जातो तो बटणाकडे. पडदा जागा होऊन, योग्य पान सापडून दिवा लागेपर्यंत चार-पाच सेकंद जातात आणि घरातले लोक दुसऱ्याच दिवशी कंटाळतात. राउटर किंवा सर्व्हर (घराचे ऑटोमेशन चालवणारा संगणक) बंद असतानाही दिवा-पंखा चालेल अशीच बटणे जोडलेली हवीत. पडदा लागतो तो ज्यांची स्थिती पाहावी लागते अशा गोष्टींसाठी: दाराचा कॅमेरा, टाकीची पातळी, खोल्यांचे तापमान, वेळापत्रके, ‘सगळे बंद’ यासारखे एकत्रित आदेश. एवढे ठरले की बहुतेक घरांत खोलीगणिक पडदा लागत नाही. येण्याजाण्याच्या वाटेवर एक पुरतो.

आता प्रकार. खास भिंतीसाठी बनवलेले पॅनेल अनेकदा २४ व्होल्टवर किंवा नेटवर्कच्या केबलमधूनच येणाऱ्या विजेवर, म्हणजे पीओईवर, चालतात. बहुतेकांत बॅटरी नसते, ही त्यांची सर्वांत मोठी जमेची बाजू. मात्र काही पॅनेल एकाच कंपनीच्या क्लाउडला बांधलेले असतात. ती सेवा थांबली की भिंतीवर नुसती काच उरते. इंटरनेटची वायर काढल्यावर पॅनेल चालते का, हे घेण्याआधी करून पाहावे. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला टचस्क्रीन जोडूनही पॅनेल बनते, पण वीज अचानक गेली की एसडी कार्डवरची माहिती खराब होऊ शकते. तिथे कार्ड केवळ-वाचन पद्धतीने लावावे किंवा एसएसडी वापरावी. चार-सहा बटणे आणि दोन आकडेच हवे असतील तर ईएसपी३२ या नियंत्रक चिपवर चालणारा छोटा पडदा पुरेसा: त्यात ब्राउझर नाही, बॅटरी नाही, वीज आल्यावर काही सेकंदांत हजर. तरीही बहुतेक लोक साधा टॅबलेटच लावतात, म्हणून पुढचे सगळे त्याविषयी.

पहिला घोळ केबलचा. टॅबलेटला ५ व्होल्ट लागतात आणि चार्जर दूरच्या सॉकेटमध्ये असतो, म्हणून पाच मीटरची बारीक यूएसबी केबल ओढली जाते. तिच्या आतली वीज नेणारी तार बऱ्याचदा २८ गेजची असते (गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक). या तारेचा रोध मीटरमागे साधारण ०.२१ ओहम. जाऊन-येऊन दहा मीटर तांबे म्हणजे २.१ ओहम. १ अँपिअर ओढला की २.१ व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि टॅबलेटपाशी जेमतेम २.९ पोचतात. पडद्यावर ‘चार्जिंग’ची खूण चमकते-विझते, बॅटरी मात्र उतरत जाते आणि दोष बिचाऱ्या टॅबलेटला लागतो. तीच केबल २० गेजची घेतली तर तूट ०.३३ व्होल्टच्या आसपास राहते. त्याहून बरा उपाय म्हणजे भिंतीतून २४ व्होल्ट न्यायचे आणि टॅबलेटच्या मागे छोट्या कन्व्हर्टरने ५ व्होल्ट करायचे. ६ वॉटसाठी २४ व्होल्टवर फक्त पाव अँपिअर वाहतो, त्यामुळे २४ गेजची तारही पाच मीटरवर जेमतेम ०.२१ व्होल्ट गमावते.

या कन्व्हर्टरची एक खोड आहे. टॅबलेट डेटाच्या दोन तारा तपासून ठरवतो की समोर चार्जर आहे की संगणक. नुसते प्लस-मायनस जोडले तर त्याला संगणकाचे पोर्ट वाटते आणि तो अर्ध्या अँपिअरपुढे ओढत नाही. या दोन तारा टॅबलेटच्या बाजूला एकमेकींना जोडल्या की बहुतेक अँड्रॉइड टॅबलेट पूर्ण करंट घेतात. टाइप-सी असेल तर सीसी पिनवर (चार्जरची ओळख पटवणारी पिन) योग्य रेझिस्टर असलेला तयार कन्व्हर्टरच घ्यावा. हाताने जुळवाजुळव करू नये.

नेटवर्कची केबल आधीच असेल तर पीओई स्प्लिटर, म्हणजे केबलमधली वीज आणि डेटा वेगळे करणारा डबा, उत्तम. ८०२.३एएफ या पीओई मानकात नेटवर्क स्विचपाशी १५.४ वॉट दिले जातात आणि शंभर मीटर केबलच्या टोकाला १२.९५ वॉटची हमी असते. दहा इंची टॅबलेटला चालू पडद्यासकट ४ ते ६ वॉट लागतात, तेव्हा हे भरपूर झाले. भिंतीच्या बंद खोबणीत २३० व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर कोंबणे मात्र टाळावे. तो तापतो, टॅबलेटला तापवतो आणि बिघडला की चौकट उखडावी लागते. जास्त दाबाच्या आणि कमी दाबाच्या तारा एकाच बॉक्समध्ये असतील तर मध्ये पडदी हवीच. आणखी एक अनुभवसिद्ध खूण: चार्जर लावल्यावर पडदा आपोआप टिचक्या घेऊ लागला, बोट एकीकडे आणि दाब दुसरीकडे उमटला, तर पडद्याआधी अ‍ॅडॉप्टर बदलून पाहा. स्वस्त अ‍ॅडॉप्टरचा विद्युत गोंगाट कपॅसिटिव्ह, म्हणजे बोटाचा विद्युत प्रभाव ओळखणाऱ्या, टचला गोंधळवतो.

दुसरे दुखणे बॅटरीचे, आणि ते जास्त गंभीर. लिथियम बॅटरीला दोन गोष्टी सोसत नाहीत: सतत १०० टक्के भरलेली राहणे आणि उष्णता. भिंतीवर दोन्ही बारा महिने मिळतात. कालांतराने आत वायू धरतो, बॅटरी फुगते आणि पडद्याला मागून ढकलू लागते. घट्ट चौकटीत हे दिसतही नाही. म्हणून टॅबलेटच्या मागे ३-४ मिलिमीटर मोकळी जागा, वर-खाली हवेला वाट, आणि पेचकस न लावता तो काढता येईल अशी सोय हवी. दर तीन महिन्यांनी काढून सपाट टेबलावर उपडा ठेवावा. डुलला तर वापर बंद. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये, ई-कचऱ्यात द्यावी. आयपॅडसाठी ३५ अंश सेल्सिअस ही भोवतालच्या हवेची कमाल मर्यादा खुद्द कंपनीने दिली आहे. ऊन येणारी भिंत किंवा शेगडीशेजारची जागा यातच बाद होते.

चार्जिंग ८०-८५ टक्क्यांवर थांबवण्याची सोय काही टॅबलेटच्या सेटिंगमध्येच असते. ती असलेलाच घ्यावा. नसेल तर स्मार्ट प्लगने (सर्व्हरच्या आदेशाने चालू-बंद होणारे सॉकेट) ३५ टक्क्यांवर चालू आणि ७५ वर बंद असा नियम लिहितात. नियम सोपा आहे, पण त्यात एक फट आहे. वाय-फाय तुटले की सर्व्हरकडे बॅटरीचा जुनाच आकडा पडून राहतो, प्लग चालू होत नाही, टॅबलेट मरतो, आणि मेलेला टॅबलेट ‘मला चार्ज करा’ असे सांगू शकत नाही. म्हणून दुसरा नियम सोबत हवाच: अर्धा तास टॅबलेटकडून खबर आली नाही तर प्लग चालू. शिवाय वीज जाऊन आल्यावर प्लग ‘चालू’ स्थितीतच यावा, असे त्याच्या सेटिंगमध्ये ठेवावे. बॅटरी काढून थेट वीज देण्याचे व्हिडिओ पुष्कळ दिसतात. बऱ्याच टॅबलेटचे सर्किट बॅटरीचा तापमान-सेन्सर सापडला नाही तर सुरूच होत नाही. हा उद्योग जाणकारांवर सोडावा.

जुना टॅबलेट कपाटात पडून आहे, तोच लावू, हा विचार काटकसरीचा आणि चांगला. फक्त ब्राउझरचे वय आधी तपासा. अँड्रॉइडमध्ये पाने दाखवणारा वेबव्ह्यू हा भाग ५.० आवृत्तीपासून स्वतंत्रपणे अद्ययावत होतो, तरी फार जुन्या आवृत्त्यांसाठी त्याच्या सुधारणाही येईनाशा होतात. आयपॅडवर तो मूळ प्रणालीशीच (आयओएस किंवा आयपॅडओएस) बांधलेला असतो. अद्यतने थांबली की होम असिस्टंटसारख्या होम ऑटोमेशन प्रणालीचे पान कोरे पांढरे दिसू लागते. ७.१.१ च्या आधीचे अँड्रॉइड लेट्स एन्क्रिप्ट या संकेतस्थळांना सुरक्षा-प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेचे सध्याचे मूळ प्रमाणपत्र ओळखत नाही, त्यामुळे घराच्या प्रणालीचा वेब-पत्ता तिथे ‘असुरक्षित’ ठरतो. नवीन घेताना किमान ३ जीबी, शक्यतो ४ जीबी रॅम असावी. डॅशबोर्डवर, म्हणजे पडद्यावरच्या नियंत्रण-पानावर, कॅमेरे असतील तर त्यांचा मुख्य नव्हे, कमी रिझोल्यूशनचा दुय्यम प्रवाह लावावा. ६४० बाय ३६० चे चार चौकोन साधा टॅबलेट ओढतो, पूर्ण एचडीचे चार त्याला धाप लावतात. पहाटे चारला पान आपोआप ताजे करण्याची सवय लावली की साठत गेलेली मेमरी मोकळी होते.

पडदा दिवसरात्र चालू ठेवू नये. ५ वॉट धरले तरी वर्षाला जवळपास ४४ युनिट होतात. शिवाय ओलेड पडद्यावर स्थिर चिन्हांचे कायमचे डाग उमटतात. एलसीडीवर डाग नाहीत, पण काळे पानही रात्री राखाडी उजळते, म्हणून बॅकलाइटच बंद झाला पाहिजे. त्यासाठी टॅबलेटचा कॅमेरा हालचाल टिपायला लावणे ही भलतीच सोय आहे: तो सतत जागा राहतो आणि तापतो. भिंतीवरचा साधा पीआयआर (माणसाची हालचाल ओळखणारा) सेन्सर सर्व्हरला कळवतो आणि सर्व्हर टॅबलेटला उठवतो, हे जास्त भरवशाचे. अँड्रॉइडवर फुली किऑस्क ब्राउझरमध्ये दूरनियंत्रण सुरू करून पासवर्ड दिला की २३२३ क्रमांकाच्या पोर्टवरून पडदा चालू-बंद करता येतो. आयपॅडवर बाहेरच्या अ‍ॅपला झोपलेला पडदा उठवण्याची मुभा नाही. तिथे ऑटो-लॉक बंद करून उजेड कमी-जास्त करण्यावर भागवावे लागते. आमचे मत विचाराल तर एवढ्या एका कारणासाठी भिंतीवर अँड्रॉइड बरा.

समोरच्या बाजूबद्दल थोडक्यात. आठ ते दहा इंच पुरतात. आयपीएस पडदाच घ्यावा; स्वस्त टीएन पडदा उभा लावला की बाजूने पाहताना रंग उलटे दिसतात. मध्यरेषा जमिनीपासून साधारण १.४ मीटर, घरात मुले किंवा चाकाची खुर्ची असेल तर १.२. बटणे किमान ९-१० मिलिमीटर, कारण हात लांबवलेला असतो. ओल्या हातांनी कपॅसिटिव्ह पडदा नीट चालत नाही, तेव्हा सिंकजवळ पडद्यापेक्षा खरे बटण द्यावे.

टॅबलेटवर होम ऑटोमेशनच्या प्रशासकाचे खाते उघडे ठेवणे ही सर्रास दिसणारी चूक. टॅबलेटसाठी वेगळे, मर्यादित खाते करा; दाराचे कुलूप उघडण्याला पिन ठेवा; न लागणारी कॅमेऱ्याची आणि मायक्रोफोनची परवानगी काढून घ्या. राउटरवर त्याचा आयपी पत्ता राखून ठेवताना टॅबलेटमधला ‘यादृच्छिक मॅक पत्ता’ (मॅक म्हणजे उपकरणाचा नेटवर्कवरचा ओळख-क्रमांक) हा पर्याय बंद करायला विसरू नका. अँड्रॉइड १० पासून तो मुळातच चालू असतो. पुढे टॅबलेट रीसेट केला की मॅक बदलतो आणि राखलेला पत्ता निसटतो. पत्र्याचा बॉक्स किंवा धातूची चौकट असेल तर वाय-फायचा जोर त्या चौकटीत बसवूनच मोजावा.

भिंत फोडण्याआधी टॅबलेट त्याच जागी स्टँडवर आठवडाभर ठेवावा, नेमक्या त्याच केबल आणि अ‍ॅडॉप्टरवर. बॅटरीचा आलेख, पाठीचे तापमान आणि वाय-फाय किती वेळा तुटले, एवढे रोज पाहावे. भिंतीतला केबलचा पाइप २० ऐवजी २५ मिलिमीटरचा टाकावा, कारण तयार प्लग वळणावर अडतो. आणि त्यात एक रिकामी ओढ-तार सोडावी, म्हणजे पुढचा टॅबलेट वेगळ्या प्लगचा निघाला तरी केबल बदलता येईल.

आपले,
होम ऑटोमेशनच्या जोडणी-दुरुस्तीत काम करणारे काही तंत्रज्ञ