‘लाखी’ नाणे म्हणजे लाखाचे नाणे नव्हे

संपादक महोदय,

वैष्णोदेवीचे चित्र असलेल्या पाच रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, अशा बातम्या अधूनमधून मोबाइलवर फिरतात आणि वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवरही झळकतात. ते २०१२ सालचे स्मारक नाणे आहे; त्यात चूक काही नाही आणि ते दुर्मीळही नाही. पण या गलबल्यात टाकसाळीत खरोखर चुकलेल्या नाण्यांविषयी, विशेषतः एका बाजूला उलटे, खोलगट चित्र उमटलेल्या ‘लाखी’विषयी, भलतेच समज पसरतात आणि हातोडीने, कानसीने ‘घडवलेली’ नाणी नवख्या संग्राहकांच्या गळ्यात मारली जातात. खरी चूक यंत्राच्या कोणत्या तरी एका टप्प्यावर होते आणि तो टप्पा नाण्यावर वाचता येतो. ज्याला तो वाचता येत नाही त्याने खिशात हात घालू नये.

टाकसाळीत आधी धातूच्या लांब पट्टीतून यंत्राचा ‘पंच’ नावाचा कापणारा भाग कोऱ्या चकत्या कापतो. त्या भट्टीत तापवून मऊ करतात, धुऊन चकचकीत करतात आणि त्यांची कड दाबून किंचित उचलून घेतात. मग प्रेसमध्ये चकती ‘कॉलर’ नावाच्या पोलादी कड्यात बसते, वरचा आणि खालचा ठसा एकाच दाबात दोन्ही बाजू उमटवतात, नाणे बाहेर ढकलले जाते आणि पुढची चकती येते. मिनिटाला शेकडो वेळा.

पट्टी प्रत्येक ठोक्यानंतर ठरावीक अंतर पुढे सरकायला हवी. ती अडखळली की पंच आधीच्या भोकावर चढतो. लाटलेल्या पोळीतून वाटीने पुऱ्या कापताना वाटी आधीच्या भोकावर पडली की पुरीला चंद्रकोरीची खाच पडते, अगदी तसेच. याला क्लिप म्हणतात. अस्सल क्लिपमध्ये खाचेच्या बरोबर समोरची कड बहुधा पुसट असते, कारण कड उचलणारे यंत्र चकतीला दोन्ही बाजूंनी दाबते आणि एकीकडे धातूच नसला की दुसरीकडेही दाब बसत नाही. खाचेजवळची अक्षरेही ओढल्यासारखी, काठाकडे विरत गेलेली दिसतात. कानसीने घासलेल्या नाण्यात अक्षर सुरीने कापल्यासारखे मधेच तुटते आणि समोरची कड धडधाकट असते.

आता ‘लाखी’. परदेशी संग्राहक तिला ब्रॉकेज म्हणतात. छापलेले नाणे बाहेर न पडता एका ठशाला चिकटून राहते. खाली नवी चकती येते आणि तिच्यावर ठशाऐवजी त्या चिकटलेल्या नाण्याचाच चेहरा आदळतो. परिणामी नव्या नाण्याची एक बाजू व्यवस्थित उमटते, तर दुसऱ्या बाजूला तेच चित्र उलटे आणि खोलगट, आरशात पाहावे तसे. सिंहमुद्रा खड्ड्यात गेलेली, ‘भारत’ उजवीकडून डावीकडे. पहिल्या आघातात हे चित्र लख्ख असते. चिकटलेले नाणे सुटले नाही तर प्रत्येक ठोक्याला ते पसरते, ठशाभोवती टोपीसारखे वळते आणि पुढची प्रतिबिंबे फुगत, पुसट होत जातात. म्हणून पहिल्या आघाताच्या लाखीला संग्राहक जास्त मोजतात, आणि ते योग्यच आहे.

नकली लाखी करायला दोन नाणी समोरासमोर ठेवून व्हाइसमध्ये (लोखंडी शिकंज्यात) आवळतात. उलटी अक्षरे उमटतात खरी, पण त्यांच्याखाली मूळ चित्र चेपलेल्या अवस्थेत शिल्लक असते. पूर्ण लाखीच्या खोलगट बाजूवर नेहमीच्या चित्राचा मागमूसही नसतो, कारण ठसा तिथे कधी टेकलेलाच नसतो. दहा पट दाखवणारे साधे भिंग एवढे पाहायला पुरते.

दहा रुपयांच्या द्विधातू (दोन धातूंच्या) नाण्यात मधला भाग नसेल तर त्याला उगाच भाव चढतो. मधली चकती आणि बाहेरचे कडे एकमेकांत अडकतात ते ठशांच्या दाबानेच. कडे एकटेच ठशाखाली गेले तर त्याचा धातू मोकळ्या जागेकडे सरकतो, भोक आक्रसते आणि त्याची आतली कड ओबडधोबड होते. भोक गोल, नेमके आणि आत अडकण्याची खाच स्पष्ट असेल, तर मधला भाग नंतर कोणी तरी ठोकून काढला आहे.

वजन आणि व्यास यांना पर्याय नाही. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा आणि व्यास मोजायला व्हर्नियर घ्यावा. पितळी पाच रुपये ६ ग्रॅम आणि २३ मिलिमीटर, द्विधातू दहा रुपये ७.७१ ग्रॅम आणि २७ मिलिमीटर, २०११ च्या मालिकेतील एक रुपया ३.७९ ग्रॅम. दोन रुपयांचे ठसे एक रुपयाच्या चकतीवर पडले, तर वजन या ३.७९ च्याच आसपास आले पाहिजे. ऑफ-सेंटर, म्हणजे ठशांच्या मध्यापासून सरकून छापल्या गेलेल्या नाण्यात धातू कमी झालेला नसतो. पितळी पाच रुपये अर्धे बाहेर सरकून छापले गेले तरी ६ ग्रॅमच भरते, फक्त कॉलरबाहेर पसरल्याने गोलाई बिघडते.

अशी नाणी बाहेर पडतात कशी, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. आकार बिघडलेले नाणे चाळणीत किंवा मोजणी यंत्रात अडकण्याची शक्यता मोठी, म्हणून मोठे ऑफ-सेंटर नाणे सहज हाती लागत नाही. लाखीचा व्यास आणि वजन मात्र बहुधा बरोबर असते, म्हणून यंत्र तिला ओळखत नाही. चुकीच्या जोडीच्या ठशांचेही तसेच. २००८ मध्ये ब्रिटनच्या २० पेन्सच्या नाण्याची रचना बदलली आणि सालाची जागा एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर गेली. नव्या बाजूला राणीच्या चेहऱ्याचा जुना ठसा जोडला गेला आणि साल नसलेली नाणी चलनात आली. अमेरिकेत २००७ मध्ये वॉशिंग्टन यांच्या डॉलरच्या काठावरची अक्षरे वेगळ्या यंत्रावर उमटवली जात होती. काही नाणी त्या यंत्रात न जाताच पिशव्यांत भरली गेली. तिथली टाकसाळ पकडलेली सदोष नाणी दातेरी रुळांतून काढून पन्हाळी करते, म्हणजे ती पुन्हा चलनात येऊच नयेत.

आपल्याकडे टाकसाळीची पिशवी रिझर्व्ह बँकेमार्फत बँकांच्या चलन तिजोऱ्यांत आणि तिथून शाखांत येते. पुढे दुकानाचा गल्ला, बसवाहकाची पिशवी, देवळाची दानपेटी. मोड मोजणाऱ्या माणसाची नजर तिथे पहिल्यांदा अडते आणि नाणे व्यापाऱ्याकडे जाते. ठसा थोडासा फिरलेला असेल तर त्याचे अप्रूप बाळगू नये. नाणे वर-खाली चिमटीत धरून दारासारखे फिरवा, मागची बाजू सरळ दिसायला हवी. दहा-पंधरा अंशांचा फरक अगदी सामान्य आहे. पूर्ण उलटी बाजू मात्र जपून ठेवावी.

ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने आपल्या नावाने जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात शुल्क, कमिशन वा कर मागणाऱ्यांपासून सावध केले होते. असे व्यवहार आपण करत नाही आणि कोणाला तशी परवानगीही दिलेली नाही, असे तिने स्पष्ट सांगितले होते.

आपल्या दैनिकाला विनंती एवढीच की, चुकलेल्या नाण्याची बातमी छापताना त्याच्या दोन्ही बाजूंचे आणि काठाचे छायाचित्र, ग्रॅममधले वजन व मिलिमीटरमधला व्यास एवढे तरी सोबत द्यावे; आणि किंमत कोणी मागितली नव्हे, कोणी प्रत्यक्ष मोजली, ते लिहावे.

आपला,
एक नाणेसंग्राहक, पुणे