डबीत ४८ कॅप्सूल उरल्या आहेत

सदाशिव पेठ, पुणे

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

तू फोनवर रोज विचारतोस आणि मी रोज ‘बरं आहे’ म्हणतो. तेवढं बरं नाही. नागिणीच्या फोडांच्या खपल्या पडल्या, पण उजव्या बरगडीखाली अजून आग होते. बनियनचं कापड घासलं तरी चटका बसतो. रात्री नसेच्या दुखण्यावरचं प्रीगॅबालिन घेतो, त्यानं गरगरतं, म्हणून सकाळी दूध आणायला कठडा धरून जिना उतरतो.

तुझ्यावर राग नाही. बुधवारी पुरळ उठल्याचं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी तुझी लायसिन नि झिंकच्या पूरक कॅप्सूलची डबी दारात हजर. तुझ्या ओठाला फोड येतो तेव्हा तू तेच घेतोस. पण तो विषाणू वेगळा, नागिणीचा वेगळा. चुलत भावंडं म्हण हवं तर. माझा हा लहानपणच्या कांजिण्यांचा, साठेक वर्षं मज्जातंतूच्या मुळाशी दबा धरून बसलेला. आणि ओठाच्या फोडांवरही लायसिनचा उपयोग नीटसा सिद्ध झालेला नाही बरं का.

चूक माझीच जास्त. बाहेर पाऊस, दवाखान्यात रांग, आणि पोरानं पाठवलेल्या गोळ्यांचं कौतुक. शेजारच्या काकू गेरू घेऊन आल्या, ‘नागिणीची दोन्ही टोकं जुळली तर काही खरं नाही’ म्हणाल्या, तेव्हा मी त्यांना हसलो. त्यांचा गेरू, माझं झिंक. फरक एवढाच की झिंकनं रिकाम्या पोटी मळमळायचं.

सोमवारी डॉक्टरांनी आधी विचारलं, पुरळ कधी उठलं? असायक्लोव्हिर ७२ तासांच्या आत सुरू केलेलं बरं. ते विषाणूची वाढ रोखतं, दुखावलेली नस दुरुस्त करत नाही. नवे फोड येतच होते, म्हणून उशीर होऊनही दिलं: ८०० मिलिग्रॅम, दिवसातून ५ वेळा, ७ दिवस. आईनं मोबाइलवर ७, ११, ३, ७, ११ असे गजर लावले. रात्रीच्या गोळीला ती स्वतःच पेंगत असायची, पण तांब्याभर पाणी पाजल्याशिवाय आडवी झाली नाही.

काल भिंग घेऊन डबी वाचली. एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, क्रमांकापाशी छापलंय, ‘औषधी वापरासाठी नाही’. पूरक आहारावर ते छापायचा नियमच आहे. चार दिवस डबी उशाशी होती, वाचली कुणी?

तेव्हा आता पार्सल नको. आईच्या नागिणीच्या लशीचं बघ. शिंग्रिक्स, पन्नाशीपुढच्यांसाठी, २ डोस, मध्ये २ ते ६ महिने. २०२३ पासून आपल्याकडे मिळते. महाग आहे म्हणून ती ‘बघू पुढच्या महिन्यात’ करतेय. माझं ऐकणार नाही, तुझं ऐकेल. हे दुखणं निवलं की मलाही घ्यायची आहे.

डबीत ४८ कॅप्सूल उरल्या आहेत. दिवाळीला येशील तेव्हा घेऊन जा.

तुझे,
बाबा